गॅस, अ‍ॅटॅक आणि तिसरं काहीतरी

छातीत दुखतंय म्हटलं की मराठी माणसाला दोनच निदानं सुचतात: गॅस किंवा अ‍ॅटॅक. गॅस असेल तर ओवा, अ‍ॅटॅक असेल तर रिक्षा. या दोन्हींच्या मधे आणखी काही असू शकतं, हे समाजाला मान्य नाही. त्यामुळे मला जे झालंय ते सांगताना समोरच्याचा आधी अपेक्षाभंग करावा लागतो.

"ब्लॉकेज किती टक्के?"

"एकही नाही. रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत."

"म्हणजे स्टेंट नाही? बायपासही नाही?"

"नाही."

भेटायला आलेल्या माणसाचा चेहरा पडतो. आणलेली शहाळी ठेवावीत की परत न्यावीत, हा विचार त्यावर स्पष्ट वाचता येतो.

माझ्या हृदयाचा स्नायू जाड झालाय. आजाराचं नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, लाडाने एचसीएम. पाचशे माणसांत एकाला हा असतो असा जुना हिशेब आहे, आणि अलीकडचे अंदाज त्याहून वरचे आहेत. जुनाच हिशेब धरला तरी गर्दीच्या वेळच्या एका डोंबिवली लोकलमध्ये आमचे आठ-दहा जण सहज लटकत असतील. त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊक नसतं. धाप लागली की ते वजनाला, वयाला आणि रेल्वेच्या पुलाला शिव्या देतात.

मीही पुलालाच देत होते. डोंबिवलीचा पूल अर्धा चढला की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं व्हायचं. मग मी कठड्याशी उभी राहून पर्समध्ये काहीतरी शोधू लागायची. आपण दमलोय हे लोकांना कळू नये म्हणून बायका पर्समध्ये काय काय शोधतात, यावर कुणीतरी संशोधन करायला हवं. डब्यातल्या मैत्रिणींनी मात्र माझं निदान कधीच करून टाकलं होतं. एकीच्या मते बी-ट्वेल्व्ह कमी, दुसरीच्या मते हिमोग्लोबिन. तिसरीने माझं वय विचारलं आणि "अगं मग तेच गं" एवढंच म्हणून खिडकीबाहेर बघितलं. मुलीची बारावी होती, त्यामुळे 'टेन्शन' हे निदान ठाणे येईपर्यंत बहुमताने मंजूर झालं. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा उशिरा पकडला जातो, असं पुढे एका लेखात वाचलं तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही. बाईला धाप लागण्याची कारणं समाजाकडे इतकी तयार असतात, की हृदयाचा नंबर लागेपर्यंत दवाखाना बंद व्हायची वेळ होते.

शेवटी फॅमिली डॉक्टरांनी खोकल्यासाठी म्हणून छातीला स्टेथोस्कोप लावला आणि तो बराच वेळ काढला नाही. मग म्हणाले, "टू-डी एको करून घ्या. घाबरायचं काही नाही." डॉक्टरांनी 'घाबरायचं काही नाही' म्हणेपर्यंत मी घाबरलेली नव्हते.

एकोच्या खोलीत अंधार असतो, एसी कडक असतो, आणि डाव्या कुशीवर वळवून छातीला बर्फासारखी गार जेली फासतात. तपासणारी मुलगी सुरुवातीला बोलकी होती. कुठून आलात, मुलगी कितवीत, असं सगळं विचारून झालं. मग पडद्यावर तिने एक रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली आणि गप्प झाली. नंतर फक्त बटणांची टकटक. तिसऱ्यांदा तीच रेघ ओढली तेव्हा मी विचारलं, "काय आहे?" ती म्हणाली, "डॉक्टर सांगतील." या देशातली सगळ्यात भीतिदायक दोन शब्दांची वाक्यं गोळा केली, तर हे पहिलं येईल.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत साधारण अकरा मिलिमीटरच्या आत हवी. दुसरं काही कारण नसताना ती पंधरा किंवा त्याहून जास्त भरली, तर हा आजार धरतात. दोन कप्प्यांमधला माझा पडदा सतरा होता. मी डोंबिवलीकर असल्यामुळे उरलेलं मला बिल्डरच्या भाषेत लगेच कळलं. इमारत बाहेरून तेवढीच, भिंती मात्र आतल्या बाजूने वाढल्या, त्यामुळे कार्पेट एरिया कमी झाला. हृदय आकुंचन पावतं झोकात. अडचण पसरण्यात आहे. भिंत ताठ, जागा कमी, मग रक्त भरणार किती? त्यात माझ्याकडे दारातच अतिक्रमण. पडदा जिथे जाड झालाय तिथूनच रक्ताचा बाहेर जायचा रस्ता आहे, आणि प्रत्येक ठोक्याला झडपेचं एक पान त्या रस्त्यात ओढलं जातं. पूल चढताना रक्त जास्त लागतं, नेमकी तेव्हाच ही कोंडी होते.

"तुम्ही खेळाडू आहात का?" डॉक्टरांनी विचारलं.

नवरा हसला. मग डॉक्टरांचा चेहरा बघून थांबला. प्रश्न खरा होता. जबरदस्त व्यायाम करणाऱ्यांचं हृदयही थोडं जाड होतं, म्हणून ती शक्यता आधी बाद करावी लागते. "कुस्ती? वेटलिफ्टिंग? रोइंग?" सहावारी साडीतल्या, हातात डब्याची पिशवी धरलेल्या बाईला कुणी रोइंगबद्दल विचारल्याची ही डोंबिवलीतली पहिलीच वेळ असावी. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यावर खेळाडू असल्याचा संशय घेतला गेला, आणि तोही निराधार ठरला.

या आजाराचं निदान असं उरलंसुरलं असतं. बीपी नाही, महाधमनीची झडप अरुंद नाही, खेळाडू नाही, अमायलॉइड नाही, फॅब्री नाही. सगळे पाहुणे उठून गेले की जो सतरंजीवर बसून राहतो, तो एचसीएम. त्यात आमच्यासारख्यांना तपासायची पद्धत शाळेतल्या मास्तरांनी शोधलेली वाटते. अरुंद वाटेतून रक्त जाताना जो आवाज येतो, तो रुग्ण उकिडवा बसला की कमी होतो आणि उठून उभा राहिला की वाढतो. म्हणून मोठ्या डॉक्टरांनी मला उठाबशा काढायला लावल्या आणि खाली-वर स्टेथोस्कोप घेऊन स्वतःही माझ्याबरोबर उठले-बसले. मग म्हणाले, "आता श्वास कोंडून जोर करा. सकाळी पोट साफ होत नसलं की करतात तसा." या कृतीला बोलोन्याच्या व्हाल्साल्वा नावाच्या सतराव्या-अठराव्या शतकातल्या शरीरशास्त्रज्ञाचं नाव आहे. आपल्याकडे ती रोज सकाळी घरोघर होते, पण कुणी कुणाचं नाव दिलं नाही.

आजाराचा इतिहास वाचायला बसले तेव्हा कळलं की गोंधळ जुनाच आहे. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधल्या डोनाल्ड टीअर यांनी १९५८ साली आठ जणांच्या वेड्यावाकड्या जाड झालेल्या हृदयांचं वर्णन छापलं. टीअर पॅथॉलॉजिस्ट, तेही न्यायवैद्यक कामातले. त्यांच्याकडे पोचलेला रुग्ण सहसा प्रश्न विचारत नसे. पुढच्या दोन दशकांत डॉक्टरांनी या एकाच आजाराला पन्नासच्या वर नावं दिली. जपानी डॉक्टरांनी तर असा प्रकार दाखवला, की त्यात जाडी फक्त हृदयाच्या टोकाशी असते आणि आतली पोकळी तपासणीत हुबेहूब इस्पिकच्या एक्क्यासारखी दिसते. सगळ्या जगाने ज्याला बदाम मानलं, ते ऐन वेळी इस्पिक निघालं.

उत्तरं शोधताना मला एक नियम सापडला. माणूस जितका शिकलेला, तितकं त्याचं उत्तर आखूड. हृदयाच्या याच आजारावर काम करणारे मोठे डॉक्टर माझ्या दहापैकी सहा प्रश्नांना "बघू" म्हणाले. जवळच्या इस्पितळातले म्हणाले, "शक्यता आहे." आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मात्र लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत संपूर्ण उपचार सांगून मोकळे झाले: अर्जुनाची साल, लसणाच्या दोन पाकळ्या, दुधीचा रस. दुधी कडू निघाला तर त्याच्या रसाने माणूस इस्पितळात पोचतो, हे त्यांनी सांगितलं नाही. तळमजला आला होता.

सगळ्यात प्रेमळ आणि सगळ्यात धोकादायक उत्तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे आहे. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सदैव एक छोटी डबी असते. सोसायटीत कुणी छातीला नुसता हात लावला तरी काका जिभेखाली ठेवायची गोळी घेऊन धावतात. ब्लॉकेजवाल्याला ती गोळी आधार देते. माझ्यासारखीला ती उलटी पडू शकते. त्या गोळीने रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, आधीच लहान असलेली खोली आणखी आवळते आणि दारातली कोंडी वाढते. हे मी काकांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण वेळेला अर्धी तरी घ्या." तेव्हापासून माझ्या पर्समध्ये रेल्वेच्या पासाशेजारी एक लॅमिनेट केलेलं कार्ड असतं. त्यावर आजाराचं नाव, डॉक्टरांचा फोन, आणि खाली ठळक अक्षरात: 'जिभेखाली कुठलीही गोळी ठेवू नये.' कुणाच्या पाकिटात देवाचा फोटो असतो, कुणाच्या नातवंडांचा. माझ्याकडे शेजाऱ्यांपासून संरक्षण आहे.

पथ्यं मात्र मजेशीर निघाली. पाणी कमी पडू द्यायचं नाही, कारण अंगातलं पाणी घटलं की कोंडी वाढते. झालं, हरतालिकेचा निर्जळी उपवास गेला. लग्नानंतर इतकी वर्षं जे मी बंड करून मिळवू शकले नाही, ते झडपेच्या एका पानाने मिळवून दिलं. सासूबाईंना धक्का बसला, पण पुढच्या वर्षी त्यांनीच सगळ्यांना सांगितलं, "तिला नाही हं चालत, तिचा पडदा जाड आहे." भरपेट जेवणानंतरही त्रास वाढतो, कारण रक्त पोटाकडे धावतं. तेव्हा गणपतीत मोदक मोजून आणि जिने मोदकांच्या आधी. बाकी चालायचं, रोज चालायचं. पूर्वी या रुग्णांना व्यायामापासून लांब ठेवत. आता डॉक्टरांशी बोलून, झेपेल तेवढा करा म्हणतात. म्हणजे कारण मिळालं होतं, तेही काढून घेतलं.

गोळी मिळाली ती बीटा ब्लॉकर. ती हृदयाला जरा हळू चालायला लावते, म्हणजे कप्पा भरायला सवड मिळते. या जातीचं पहिलं लोकप्रिय औषध तयार करणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं. ते दोन वेळा मिळायला हवं होतं, असं माझ्या ऑफिसातल्यांचं मत आहे. साहेब ओरडले तरी माझी नाडी जागची हलत नाही. मार्च अखेरच्या क्लोजिंगला सगळी शाखा थरथरत असताना मी अठ्ठावन्नच्या ठोक्याने व्हाउचर तपासते.

गोळ्यांनी भागलं नाही तर पुढचे मार्ग आहेत. अमेरिकेत अँड्र्यू मॉरो या सर्जननी जादा स्नायू आतून तासून काढायची शस्त्रक्रिया रुजवली. ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते, आणि हाच आजार पुढे त्यांना स्वतःलाही निघाला. दुसरा मार्ग १९९४ साली उलरिश झिगवार्ट यांनी लंडनमध्ये केला: मांडीतून नळी घालून, पडद्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिनीत दोन-तीन मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल सोडायचं. तेवढा जादा स्नायू मरतो आणि वाट मोकळी होते. म्हणजे मुद्दाम, मापून घडवलेला एक छोटा अ‍ॅटॅक. हे ऐकून नातेवाइकांच्या डोळ्यांत प्रथमच समाधान दिसलं. अखेर त्यांना कळेल असं काहीतरी होतं. नवऱ्याचा आक्षेप वेगळा. आयुष्यभर घरात थेंब येऊ दिला नाही, आणि आता हिची थेट हृदयात जाणार! महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, टोचून घ्यायला लागतो का, हे त्याने डॉक्टरांना खरोखर विचारलं. तिसरा मार्ग नवा आहे: मॅवाकॅम्टेन नावाची गोळी, जी स्नायूचं हे अति जोराचं आकुंचनच कमी करते. अमेरिकेत तिला २०२२ साली मान्यता मिळाली. माझ्यासाठी यातलं काय, असं विचारलं. उत्तर तुम्हाला ठाऊक आहेच. "बघू."

विमा कंपनीचं उत्तर मात्र ताबडतोब आलं: आजार जन्मजात, आनुवंशिक, सबब नाही. योगायोग बघा, आनुवंशिक आजारांना आरोग्य विम्यातून असं सरसकट वगळणं हा भेदभाव आहे, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला, तो याच आजाराच्या रुग्णाच्या खटल्यात. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलंच. मी निकालाची प्रत पत्राला जोडून पाठवली, तर कंपनीने उलट टपाली माझं आधार कार्ड मागितलं.

खरी धमाल आनुवंशिकतेत आहे. दोष आई-बाप दोघांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, आणि प्रत्येक मुलाकडे तो जाण्याची शक्यता निम्मी. मुलगा-मुलगी भेद नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान वाटा द्यायला महाराष्ट्राला १९९४ साल उजाडावं लागलं आणि देशाला २००५. जनुकं हा कायदा कधीपासून पाळताहेत. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांनी इतरांच्या मदतीने २००९ साली दाखवलं, की हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकातला पंचवीस अक्षरांचा तुकडा गळालेला असणं भारतीय उपखंडात सुमारे चार टक्के लोकांत आढळतं. हा बदल साधारण तेहतीस हजार वर्षांपूर्वीचा असावा. सहसा त्याचा त्रास उतारवयात होतो, तोवर मुलंबाळं होऊन वारसा पुढे गेलेला असतो.

सासूबाईंनी एवढं ऐकलं आणि निकाल दिला: "म्हणजे माहेरचं."

मी जनुकीय चाचणीही केली. रिपोर्ट गुळगुळीत कागदावर, रंगीत आकृत्यांसह आला. एका जनुकात बदल सापडला होता आणि त्यापुढे लिहिलं होतं: अर्थ अनिश्चित. बदल आहे, पण आजार त्यामुळेच की तो निरपराध, हे सांगता येत नाही. जगातली सगळ्यात महागडी 'बघू' मला पीडीएफमध्ये मिळाली. त्यामुळे नातेवाइकांची नुसती रक्तचाचणी करून उपयोग नाही. प्रत्येकाचा ईसीजी आणि एको, आणि तोही काही वर्षांनी पुन्हा. मुलीचा झाला. सध्या सगळं मापात आहे. दर वर्षी-दोन वर्षांनी पुन्हा करायचा आहे, आणि ती खोलीत जाते तेव्हा बाहेरच्या बाकावर माझी गोळी फारसं काम करत नाही.

समुपदेशक बाईंनी तीन पिढ्यांचा तक्ता मागितला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यावर तिरपी रेघ आणि शेजारी मृत्यूचं कारण. नावं मिळाली, कारणं मिळेनात. आमच्याकडे माणसं आजाराने मरतच नाहीत. कुणी "म्हातारपणाने", कुणी "एकाएकी", कुणी "मनाला लावून घेतलं". वडिलांचे धाकटे भाऊ सव्विसाव्या वर्षी कबड्डीच्या मैदानात कोसळले. राजापूरजवळच्या आमच्या घरात त्यांचा फोटो आहे: तेल लावून चापून बसवलेले केस, आणि फोटोसाठी मुद्दाम घातलेला कुणाचा तरी कोट, खांद्यात मोठा. कारण विचारायला मी आत्याला फोन केला.

"अगो, मैदानाकडेला पिंपळ नव्हता का? मुंजाने धरलं त्याला. पुढे दर अमावास्येला नारळ ठेवायला लागलो, मग दुसऱ्या कुणाला त्रास नाही झाला."

समुपदेशक बाईंनी चौकोनाशेजारी क्षणभर पेन थांबवलं आणि प्रश्नचिन्ह काढलं.

त्याच वर्षी आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माझ्याकडे आली. वय एक्याऐंशी. फिटनेससाठी ईसीजी काढला तर तो असा आला, की डॉक्टरांनी मशीन बिघडलं म्हणून दुसऱ्या मशीनवर काढला. मग एको. पडदा सोळा मिलिमीटर. बीपी आयुष्यात वाढलेलं नाही, तक्रार एकही नाही. जन्मभर विहिरीपासून घराची घाटी डोक्यावर हंडा घेऊन चढलेली बाई! एकच घराणं, बहुधा एकच दोष. एकाला त्याने सव्विसाव्या वर्षी नेलं, मला पुलावर अडवलं आणि हिला ऐंशी वर्षांत ओळखही दाखवली नाही. असं का, हे मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं. या वेळी ते "बघू"सुद्धा म्हणाले नाहीत. "कुणालाच माहीत नाही हो," म्हणाले. इतक्या दिवसांत मला मिळालेलं हे पहिलं पूर्ण वाक्य.

आईला मात्र पूर्ण उत्तर मिळालं. आत्याचा रिपोर्ट कळताच तिचा आवाज पंचवीस वर्षांनी तरुण झाला. "मी म्हणतच होते, हे त्यांच्याकडचं!" सासूबाईंच्या लेखी दोष माझ्या माहेरचा, आईच्या लेखी तिच्या सासरचा, आणि दोघी शंभर टक्के बरोबर. शास्त्र आणि विहीणबाई यांचं इतकं एकमत मी कधी पाहिलेलं नाही.

आत्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ तपासलं, उठाबशा मात्र माफ केल्या.

"मग औषध काय देताय?" आत्याने विचारलं.

"सध्या काही नको, आजी."

"पथ्य?"

"पाणी भरपूर प्या. दर वर्षी दाखवून जा."

बाहेर काउंटरवर मी पैसे भरत होते. आत्याने चष्मा सरकवून पावतीवरचा आकडा दोनदा वाचला.

"एवढे? अगो, मुंजा नारळावर भागवायचा."